पॅरिसला धास्ती नेमकी कोणाची?

दुसरं महायुद्ध संपत आलं, तेव्हा फ्रेंच परराष्ट्र खात्याची झोप उडवली होती ती जर्मनीने, रशियाने नव्हे. १८७०, १९१४, १९४०: सत्तर वर्षांत तीनदा जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या होत्या. म्हणूनच डिसेंबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या हंगामी सरकारचे प्रमुख द गॉल मॉस्कोला गेले आणि स्टालिनशी वीस वर्षांचा करार करून आले. त्याचा रोख सरळसरळ जर्मनीवर होता.

हे गणित फसलं १९४७ मध्ये. चार बड्या देशांचे परराष्ट्रमंत्री मार्च-एप्रिलमध्ये मॉस्कोत जमले होते. फ्रान्सचे जॉर्ज बिदो, मूळचे इतिहासाचे शिक्षक, सार या सीमेलगतच्या जर्मन कोळसापट्ट्यावर हक्क सांगायला गेले. रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी दाद दिली नाही. कोळसा वाढवून द्यायला ब्रिटन-अमेरिका राजी झाले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान रामादिए यांनी कम्युनिस्ट मंत्र्यांना सरकारबाहेर काढलं.

तरी रशियाचं नाव उघड घेणं सोपं नव्हतं. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत सुमारे २८ टक्के मतं घेऊन कम्युनिस्ट सर्वांत मोठा पक्ष ठरले होते, आणि १९४७ च्या अखेरीस संपांनी देश हादरला. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. ४ मार्चला बिदोंनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांना पत्र लिहून राजकीय आणि लष्करी सहकार्याची गळ घातली. १७ मार्चला फ्रान्स, ब्रिटन, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांचा ब्रुसेल्स करार झाला. त्यात नाव आहे जर्मनीचंच, रशियाचा उल्लेखही नाही. लेकी बोले, सुने लागे!

अर्थात जर्मनीचं नाव निव्वळ आडोसा होता असं मला वाटत नाही. जुनी धास्ती जिवंत होतीच. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिका जर्मन सैन्य उभं करायला निघाली, तेव्हा ती उफाळून आली. जर्मन सैनिक हवेत, पण जर्मन सेना नको, असा हा पेच. पंतप्रधान प्लेव्हेन यांनी तोड काढली: सगळ्यांची मिळून एक युरोपीय सेना. मे १९५२ मध्ये करारावर सह्याही झाल्या. मग ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच संसदेनेच तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बासनात गुंडाळला. गॉलवादी आणि कम्युनिस्ट, एरवीचे हाडवैरी, त्या दिवशी एका बाजूला होते. पुढच्या मे महिन्यात पश्चिम जर्मनी थेट नाटोत दाखल झाला, स्वतःची सेना उभारण्याची मुभा घेऊन.