किडनीला बर्फ लागू द्यायचा नाही

किडनी चोरून माणसाला बर्फाच्या टबात टाकून गेल्याची गोष्ट व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतेच. थंड ठेवायची असते ती काढलेली किडनी. गोष्टीत बर्फ मिळतो भलत्यालाच! आणि नुसत्या बर्फाने किडनी टिकत नाही, मग ती माणसाची असो की रोपणासाठी काढलेली मांजराची.

नाशिककरांना हे द्राक्षावरून कळेल. तोडलेल्या घडाचं श्वसन चालूच राहतं, म्हणून आधी प्री-कूलिंग आणि मग कोल्ड स्टोरेज. पण निफाडचा पारा फारच उतरला की त्याच द्राक्षाच्या बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात.

मांजराचं शरीर साधारण 38.5 अंशांचं. किडनी 4 अंशांवर आणली की पेशींची भूक जवळपास दहाव्या हिश्श्यावर येते. पण त्याच थंडीत पेशीच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंपही बंद पडतो. एरवी तो दर फेरीला 3 सोडियम बाहेर काढतो, 2 पोटॅशियम आत घेतो. तो थांबला की सोडियम आत झिरपतं, मागोमाग क्लोराइड, त्यांच्यामागे पाणी. पेशी फुगतात, शेजारच्या केशवाहिन्या दाबतात. मग किडनी जोडली तरी रक्त आतपर्यंत पोचत नाही.

यावर बेल्झर आणि साउदर्ड या संशोधकांनी 1980च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात यूडब्ल्यू द्रावण तयार केलं. त्यात लिटरमागे 100 मिलिमोल लॅक्टोबायोनेट आणि 30 मिलिमोल रॅफिनोज असतं. हे थोराड रेणू पेशीच्या पटलातून आत शिरत नाहीत. बाहेर राहून पाणी बाहेरच धरून ठेवतात. सोडियम मुद्दाम कमी, पोटॅशियम जास्त, म्हणजे पेशीच्या आत असतं तसं. गाउट या सांधेदुखीवरचं औषध ॲलोप्युरिनॉलही त्यात असतं. रक्त परत आल्यावर झँथिन ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतं, त्याला ते अडवतं.

मांजरांवर उपचार म्हणून किडनीरोपण 1987मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला सुरू झालं. दाता जिवंत, निरोगी मांजर. काढलेली किडनी काही तास थंड ठेवता येत असल्याने एकच पथक दोन्ही शस्त्रक्रिया पाठोपाठ करू शकतं. किडनी काढल्याबरोबर धमनीत बारीक नळी घालून गार द्रावण सोडायचं, शिरेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. जोर लावायचा नाही, धमनीचं अस्तर फाटतं. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग किडनी द्रावणाच्या पिशवीत, ती गार सलाइनच्या पिशवीत, ती तिसऱ्या कोरड्या पिशवीत आणि सगळं बर्फाच्या डब्यात. बर्फ थेट टेकला तर तेवढ्या भागात स्फटिक होऊन पेशी फाटतात.

धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. टाके सूक्ष्मदर्शकाखाली, 8-0च्या अतिबारीक धाग्याने. रक्तवाहिनीवरचा क्लॅम्प (चिमटा) सोडल्यावर किडनी भराभर गुलाबी व्हायला हवी. द्रावण कुठे पोचलं नव्हतं, ते उरलेल्या जांभळट डागांवरून बऱ्याचदा तिथेच दिसतं.