दगडातले झाड आणि दगड झालेले झाड

तापी-गिरणेच्या पात्रात किंवा विहिरीच्या खोदकामात सापडलेली गारगोटी फोडल्यावर आत हिरव्या-काळ्या फांद्या दिसल्या, की हा प्राचीन वनस्पतीचा जीवाश्म असावा, असा समज खानदेशात सहज होतो. बहुतेक वेळा तो शेवाळी अकीक, म्हणजे शेवाळासारखी नक्षी असलेला सिलिकेचा (वाळूतील मुख्य खनिजद्रव्याचा) दगड असतो आणि त्यात वनस्पतीचा अंशही नसतो. या प्रदेशाचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपले, त्यातून अकीक साकळला आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे किंवा हिरवी मृत्तिका-खनिजे त्यात फांद्यांसारखी पसरली.

अश्मीभूत, म्हणजे खरोखर दगड झालेल्या, लाकडाची घडण वेगळी आहे. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या शांततेत तळी साचली, गाळ बसला आणि त्या गाळात झाडे गाडली गेली. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील असे जीवाश्म पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी अभ्यासले होते. पाण्यातील सिलिका पेशीभित्तिकांना चिकटत गेली, पोकळ्याही भरल्या, आणि लाकूड कुजण्याआधीच त्याची सूक्ष्म रचना दगडात कायम झाली.

म्हणून बाह्य आकार हा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत दगडाचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा, प्रकाश आरपार जाईल असा छेद घासून तयार करतात व तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लाकडात जलवाहिन्या, पेशींच्या ओळी आणि गाभ्याकडून सालीकडे जाणारे अरीय पट्टे दिसतात. ताडवर्गीय खोडात वाहक-पुंज, म्हणजे पाणी व अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे, विखुरलेले असतात. अकीकातील फांद्यांत मात्र पेशी नसतेच. मूलद्रव्यांचा नकाशा काढल्यास अशा फांद्यांवर लोह किंवा मँगनीज उमटते, तर जीवाश्माच्या पेशीभित्तिकांत कार्बनचे अवशेष सापडू शकतात. मात्र सेंद्रिय अंश पूर्णपणे नाहीसा झालेले अस्सल अश्मीभूत लाकूडही असते; त्यामुळे केवळ कार्बन नाही म्हणून जीवाश्म नाकारणे घाईचे ठरते, आणि निर्णय पेशीरचनेवरच सोडावा लागतो.

हाच छेद पुढे झाड दगड कसे झाले, हेही सांगतो. पेशी चेपलेल्या नसतील, तर वरच्या थरांचा दाब वाढण्यापूर्वीच खनिज आत शिरले होते, असे मानता येते. भित्तिकांतली आणि पोकळ्यांतली सिलिका वेगळ्या पोताची असेल, तर भरणी टप्प्याटप्प्याने झाली असावी. स्फटिकरचना ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाने ती सिलिका ओपल या कमी स्फटिकी रूपात आहे की क्वार्ट्झ या पूर्ण स्फटिकी रूपात, हे कळते. कालांतराने ओपलचे क्वार्ट्झ होत असल्याने पूर्ण क्वार्ट्झ झालेल्या नमुन्यात सुरुवातीच्या खुणा पुसटच मिळतात.

नमुना तपासणीला देताना तो लाव्हाच्या पोकळीतून निघाला की दोन प्रवाहांमधल्या गाळाच्या थरातून, ही नोंद सोबत असावी. नदीपात्रातल्या गोट्याला असा पत्ता नसतो, तेव्हा सगळी भिस्त त्या पातळ छेदावरच राहते.