पार्श्वभूमी : अन्नात रक्त निघाले, तर आजार कोणता आणि जबाबदार कोण?

जून २०२४ मध्ये मुंबईत मालाडच्या एका डॉक्टरने ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. मालाड पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तपास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरच्या कारखान्यापर्यंत पोहोचला आणि त्याचा परवाना निलंबित झाला. जूनअखेर डीएनए अहवाल आला, तेव्हा बोट तिथल्याच एका कामगाराचे असल्याचे सिद्ध झाले. मे महिन्यात काम करताना त्याने ते गमावले होते. बातमी गाजली ती किळसेमुळे. तिच्या पोटातले दोन प्रश्न मात्र बरेच जुने आहेत. खाण्यापिण्यात दुसऱ्याचे रक्त गेले तर कोणता आजार होऊ शकतो? आणि कसलाच आजार झाला नाही, तरी भरपाई मागता येते का?

रक्त हा पदार्थ मुळात विषारी नाही. महाराष्ट्रात बकऱ्याची रक्ती पिढ्यान्‌पिढ्या शिजवली गेली आहे आणि गोव्याच्या सोरपोतेलमध्ये डुकराचे रक्त घालायची जुनी पद्धत आहे. माणसाच्या रक्ताचे भय वेगळे, ते त्यातल्या विषाणूंचे. तेही आजच्या रूपात आले ते १९८० च्या दशकात, एड्सबरोबर.

१९८५ मध्ये एचआयव्हीची रक्तचाचणी उपलब्ध झाली आणि अमेरिकेत हॉटेलमालक विचारू लागले की बाधित आचाऱ्याला कामावर ठेवायचे का. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, कामाच्या जागेसाठी सूचना काढल्या. दुसरा काही संसर्ग नसेल तर अशा कामगाराला स्वयंपाकघरातून हटवण्याचे कारण नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. त्यातच आणखी एक वाक्य होते, ज्याची आठवण आज फार कुणी काढत नाही : काम करताना हात कापला आणि अन्नात रक्त सांडले, तर ते अन्न फेकून द्यावे, कारण स्वच्छता आणि सौंदर्यदृष्टी दोन्ही तेच सांगतात. अन्न टाकायचे ते एचआयव्हीच्या धास्तीने नव्हे, इतका बारीक भेद त्या सूचनेने केला होता.

राजकारणाला तो पचला नाही. १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा अमेरिकी संसदेत असताना टेक्ससचे खासदार जिम चॅपमन यांनी दुरुस्ती आणली की बाधित कर्मचाऱ्याला अन्न हाताळण्याच्या कामावरून हलवण्याची मुभा मालकाला असावी. अन्नातून एड्स पसरतो असा दावा त्यांनी केला नाही. गिऱ्हाईक घाबरते आणि धंदा बसतो, एवढाच त्यांचा मुद्दा होता. प्रतिनिधीगृहात दुरुस्ती १९९ विरुद्ध १८७ मतांनी मंजूरही झाली. अखेर सिनेटर ऑरिन हॅच यांनी तोड काढली : अन्न हाताळण्यातून पसरणाऱ्या रोगांची यादी आरोग्य खात्याने करावी आणि मालकांना सूट मिळेल ती त्या यादीपुरतीच. यादी निघाली. त्यात हिपॅटायटिस ए, म्हणजे काविळीचा एक प्रकार, होता, विषमज्वराचे जंतू होते. एचआयव्ही नव्हता.

भारतात हा प्रश्न नोकरीच्या अंगाने न्यायालयात आला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला की काम करण्याची क्षमता आहे आणि इतरांना धोका नाही, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने हे तत्त्व देशभर लागू केले. तरी आंब्याच्या शीतपेयात कुणा कामगाराने बाधित रक्त मिसळल्याचा संदेश ‘हैदराबाद पोलिसांचा इशारा’ म्हणून मोबाइलवरून वर्षानुवर्षे फिरतच राहिला. हैदराबाद पोलिसांनी २०१९ मध्ये तो खोटा असल्याचे जाहीर केले. संदेशातली कंपनी बदलते, कधी रोगही बदलतो, मजकूर तोच राहतो.

तोंडावाटे काहीच होत नाही, असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. एचआयव्ही शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही; हवा, शिजवण्याची उष्णता आणि जठरातले आम्ल त्याला निकामी करतात. पण बाधित आईच्या दुधातून बाळाला लागण होते, आणि २००९ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशी तीन बाळे नोंदवली, ज्यांना बाधित मोठ्या माणसाने घास चावून भरवला होता. हिरड्यांतले रक्त त्या घासात मिसळले असावे, असा त्यांचा निष्कर्ष. हिपॅटायटिस बी अधिक चिवट. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत डॉ. सॉल क्रुगमन यांनी मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून प्रयोग केले. बाधित रक्तद्रव पाजूनही हा रोग होऊ शकतो, हे १९६७ मध्ये त्यांनीच दाखवले. वैद्यकाच्या इतिहासातला हा लाजिरवाणा अध्याय आहे. मात्र रक्तद्रव पाजणे वेगळे आणि पोळीवर पडलेला थेंब वेगळा. हिपॅटायटिस बी अन्नपाण्यातून पसरत नाही, अशीच सीडीसीची भूमिका आहे. दूषित अन्नपाण्यातून येणारी कावीळ ए आणि ई प्रकारची असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरली ती ई, आणि तिचा संबंध रक्ताशी नव्हे, सांडपाण्याशी होता.

मग कापलेल्या हाताला घाबरायचे नाही का? घाबरायचे, पण रक्तापेक्षा पुवाला. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी टोकियोहून पॅरिसला निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात ३४४ प्रवासी होते. अलास्कातल्या अँकरेजला नाश्ता चढवला गेला. हॅम घातलेले ऑम्लेट खाल्ल्यावर तासाभरात उलट्या सुरू झाल्या आणि कोपनहेगनला उतरेपर्यंत विमानाचे इस्पितळ झाले. १९६ प्रवासी आणि एक कर्मचारी आजारी पडले, १४४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शोध घेता घेता तपास अँकरेजच्या भटारखान्यातल्या एका आचाऱ्याच्या बोटांवर येऊन थांबला. दोन बोटांवर पिकलेले फोड होते. त्यांतले स्टॅफिलोकॉकस जंतू हॅमवर गेले, हॅम तासन्‌तास पुरेशा थंडाव्याविना राहिले आणि जंतूंनी विष तयार केले. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे पुन्हा गरम करून उपयोग नव्हता. त्या भटारखान्याच्या व्यवस्थापकाने पुढे आत्महत्या केली.

मोठ्या स्वयंपाकघरांत म्हणूनच जखम झाकतात, तीही निळ्या पट्टीने. अन्नात निळा रंग सहसा नसतो, त्यामुळे पट्टी पडली तर डोळ्यांना दिसते. कारखान्यांतल्या पट्टीत धातूचा पातळ तुकडाही असतो, म्हणजे डोळ्यांतून सुटलेली पट्टी यंत्राला सापडावी. आपल्याकडे २०११ च्या परवाना नियमांत उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्याने अन्नाला हात लावू नये, असे आहे. रस्त्यावरच्या गाडीवर तो नियम कोण पाहतो, हे वाचकांना ठाऊक आहे.

जबाबदारीच्या प्रश्नाची सुरुवात स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावची. ऑगस्ट १९२८ मध्ये एका बाईला मैत्रिणीने कॅफेत जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती; उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, अशी तिची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे बाईचा कुणाशीच करार नव्हता आणि तोवरच्या कायद्यात करार नाही तर दावा नाही. १९३२ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की शेवटच्या ग्राहकाची काळजी घेण्याचे कर्तव्य थेट उत्पादकावर आहे. बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. ते प्रकरण तडजोडीत मिटले.

त्या बाईने पोट बिघडल्याचा दावा तरी केला होता. रक्ताच्या प्रकरणांत बहुधा तेवढेही नसते. असते ती महिनोन्‌महिने चाचण्यांच्या निकालांची वाट पाहणे. फ्लोरिडातल्या दोन बहिणींनी कोका-कोला पिताना बाटली उजेडात धरली, तर आत वापरलेल्या निरोधसारखे काही दिसले. दोघींनी एचआयव्हीच्या चाचण्या केल्या, दोन्ही निगेटिव्ह. कंपनीच्या तज्ज्ञाने ती वस्तू बुरशी असल्याचे सांगितले. ज्युरीने तरीही प्रत्येकी ७५,००० डॉलर दिले, न्यायाधीशांनी ते २५,००० वर आणले. २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दूषित पदार्थ पोटात गेला असेल, तर मानसिक धक्क्याच्या भरपाईसाठी वेगळी शारीरिक इजा दाखवण्याची गरज नाही. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. बर्गरमध्ये थुंकी सापडलेल्या एका पोलिसाने घासही घेतला नव्हता. तरी त्याला दाद मागता येईल, असे तिथे ठरले. कॅनडाचे उत्तर उलटे. पाण्याच्या बंद बाटलीतली मेलेली माशी पाहून ज्याचे मन कायमचे बिघडले, त्याचा दावा २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कंपनीची चूक मान्य केली, पण सामान्य माणसाला इतका त्रास होईल असा अंदाज कुणी बांधला नसता, हे कारण दिले. मला कॅनडाचा निकाल कठोर वाटतो, पण भीतीला कुठेतरी मोजपट्टी लावावीच लागते, हे त्यालाच नीट उमगले आहे.

भारतात शिक्षा आणि भरपाई यांचे रस्ते वेगळे आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात बाह्य पदार्थ असलेल्या अन्नासाठी एक लाखापर्यंत दंड आहे. भरपाईचे कलम ६५ मृत्यूला किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेला एक लाखापर्यंत रक्कम देते. नुसत्या धास्तीला त्यात रकाना नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन-दायित्वाचे, म्हणजे सदोष मालाने झालेल्या हानीच्या जबाबदारीचे, स्वतंत्र प्रकरण आणले, पण त्यातल्या हानीच्या व्याख्येत मनस्ताप धरला जातो तो शारीरिक इजा, आजार किंवा मालमत्तेचे नुकसान यांच्या जोडीनेच. ज्याने घास थुंकून टाकला आणि ज्याची प्रत्येक चाचणी निर्दोष आली, त्याला कायद्यातले हे प्रकरण सोडून निष्काळजीपणा आणि सदोष मालाच्या साध्या तक्रारीचा मार्ग धरावा लागतो. ग्राहक आयोग मनस्तापाची रक्कम तिथे देतात, कारण १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते दार आधीच उघडून ठेवले आहे.