पदवीच्या जोडीच्या एका सर्टिफिकेटची पूर्वपीठिका

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याच्या लेखी सर्टिफिकेट ही पहिली पायरी असते आणि डिप्लोमा त्याच्या पुढची. अमेरिकी विद्यापीठांत ‘इंटरनॅशनल स्टडीज’चे जे सर्टिफिकेट मिळते, त्याची जात वेगळी आहे. ते सहसा पदवीला असलेला विद्यार्थीच घेतो. त्याचा मुख्य विषय इंजिनिअरिंग, नर्सिंग, शेती किंवा कॉमर्स असा काहीही असू शकतो. त्याच्या जोडीला एखाद्या प्रदेशाचा इतिहास, राजकारण आणि अर्थकारण यांवरचे मोजके विषय, एक परकी भाषा आणि बऱ्याच ठिकाणी परदेशातले एखादे सत्र पूर्ण करावे लागते.

या विषयांची पाळेमुळे तशी जुनी आहेत. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात परराष्ट्र सेवेसाठी माणसे घडवणारी शाळा १९१९ मध्येच निघाली होती, आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठात संस्कृतचे अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ मध्ये दक्षिण आशियाचा स्वतंत्र विभाग उभा केला. पण विद्यापीठांकडे सरकारी पैसा वाहू लागला तो भीतीपोटी. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि वर्षाच्या आत, सप्टेंबर १९५८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट’वर सही केली. भाषाशिक्षणाचा कायदा संरक्षणाच्या नावाने यावा, यातच त्या काळाचा स्वभाव दिसतो. त्याच्या सहाव्या प्रकरणाने अमेरिकेत सहजी न शिकवल्या जाणाऱ्या भाषांना, आणि त्या भाषा समजण्यासाठी लागणाऱ्या इतिहास-भूगोलालाही, अनुदान दिले. आरंभी प्राधान्य मिळालेल्या सहा भाषांत रशियन, चिनी, अरबी यांच्यासोबत हिंदी-उर्दूही होती.

मराठीचा संबंध यानंतर येतो, आणि तो गव्हातून येतो. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले. ते रुपये इथेच खर्च करणे भाग असल्याने त्यांतला काही भाग १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवण्यात खर्ची पडला. रेशनच्या रांगेत ज्या गव्हाला लोकांनी नावे ठेवली, त्याच्याच मोलाने मराठी पुस्तके तिकडच्या कपाटांत जाऊन बसली. त्यांच्या सूचिपत्रांवर ‘पीएल ४८०’ अशी नोंदही असे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे भारतातले पहिले कार्यालय पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. पुढे फलटणला स्थायिक झालेल्या, मूळच्या अमेरिकी भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासह परक्या शिकाऊंसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण लिहिले, ते १९७५ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

भारताने वेगळी वाट धरली. दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५ मध्ये निघालेल्या इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजचा भर संशोधनावर होता, आणि १९७० मध्ये ती संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. त्यामुळे परिचारिकेने किंवा इंजिनिअरने आपल्या पदवीसोबत सहज घ्यावा असा हा विषय आपल्याकडे झाला नाही.

अमेरिकेत १९८० मध्ये ते सहावे प्रकरण उच्च शिक्षणाच्या सर्वसाधारण कायद्यात हलवले गेले आणि नावातले ‘संरक्षण’ गळाले. मुत्सद्दी आणि दुभाषे यांच्यासाठी घातलेल्या या घाटावर आता परदेशी ग्राहकांशी बोलणारा हिशेबनीस येतो, निर्वासितांच्या दवाखान्यात काम करू पाहणारी नर्स येते, आणि घरात आजीची भाषा ऐकलेली, पण तिची अक्षरे न ओळखणारी दुसऱ्या पिढीची मुलेही येतात.