रशियाची तयार इंजिनं: ९३ सालच्या निर्णयाची पार्श्वभूमी

गगनयानची बातमी आली की आपल्या जळगाव-भुसावळकडे टपरीवर एक वाद हमखास निघतो, ९३ साली रशियाकडून तयार क्रायोजेनिक (म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारी) रॉकेट इंजिनं घेतली ती माघार होती का शहाणपण. थुंबा, सायकलवरून नेलेला रॉकेटचा भाग, १९८० चा रोहिणी उपग्रह हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो.

१९९१ चा करार इंजिनांसोबत तंत्रज्ञानही देण्याचा होता. मे १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्हीकडच्या संस्थांवर निर्बंध घातले, कारण काय तर म्हणे यातून क्षेपणास्त्र बनेल. हे कारणच मुळात पटत नाही. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशाला ठेवावा लागतो, द्रव ऑक्सिजन उणे १८३ ला, उडवायच्या थोडं आधीच भरायचा आणि सतत उडून जातो म्हणून परत टॉपअप करत राहायचा, आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो तिथे असलं क्षेपणास्त्र भरून महिनोन्महिने कोण उभं ठेवणार? तरी १९९३ ला रशियाने माघार घेतली, तंत्रज्ञान गेलं, आणि त्याऐवजी आधी ४, मग आणखी ३ अशी ७ तयार इंजिनं पदरात पडली.

टीका करणारे म्हणतात तेव्हाच सगळं नाकारून स्वतःचं बनवायला बसायला हवं होतं. मला नाही पटत. ही इंजिनं होती म्हणून २००१ ला जीएसएलव्ही हे आपलं जड उपग्रह नेणारं रॉकेट उडालं, आणि आपल्या लोकांना असलं थंड इंधन भरणं, त्याचं काउंटडाउन चालवणं प्रत्यक्ष हाताने करायला मिळालं. घरचं इंजिन बनवायचं काम शेजारी चालूच होतं. मधेच ९४ ला याच प्रकल्पाच्या प्रमुखावर हेरगिरीचा खोटा आळ आला, सुप्रीम कोर्टाने भरपाई द्यायला सांगितली ती थेट २०१८ ला, एका माणसाचं अख्खं करिअर गेलं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही याचा राग येतो.

घरचं इंजिन एप्रिल २०१० ला पहिल्यांदा उडालं, हायड्रोजनचा बूस्टर पंप बंद पडला आणि रॉकेट समुद्रात गेलं. ऑगस्ट २०१३ ला उड्डाणाला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनाची गळती दिसली, काउंटडाउन थांबवलं, रॉकेट मागे नेलं आणि तो टप्पा अख्खा नवीन बसवला. ५ जानेवारी २०१४ ला तेच रॉकेट १९८२ किलोचा उपग्रह घेऊन व्यवस्थित गेलं.

त्या इंजिनाचा आराखडा रशियन वळणाचाच होता हे मान्य. पण एलव्हीएम-३ या आपल्या सगळ्यात ताकदवान रॉकेटवरचं आजचं मोठं क्रायोजेनिक इंजिन आपल्या आराखड्याचं आहे, माणसं नेण्यासाठीच्या त्याच्या जमिनीवरच्या चाचण्या फेब्रुवारी २०२४ ला पूर्ण झाल्या. १९८४ ला आपला माणूस सोव्हिएत रॉकेटवर गेला, २०२५ ला दुसरा अमेरिकन रॉकेटवर. गगनयानची माणसं या इंजिनावर जाणार आहेत.