बीटलचे टायमिंग: ठिणगी नेमकी केव्हा पडावी

फोक्सवॅगन बीटलच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा नाही. रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे बॉनेटमधून वाफ येऊन मिळणारा इशाराही नाही. इंजिन गाडीच्या मागच्या बाजूला. दोन सिलिंडर उजवीकडे आणि दोन डावीकडे आडवे पडलेले, त्यांच्यावर एक पंखा हवा फेकतो आणि तेल उरलेली उष्णता वाहून नेते, बस्स. हेड (सिलिंडरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण) वाजवीपेक्षा जास्त तापले तर ते कळते तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटलेला असतो किंवा पिस्टनला भोक पडलेले असते. म्हणून या इंजिनात टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, हा फक्त पिकअपचा विषय नाही. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), एक बल्ब आणि पान्हा हाती घेऊन मालक स्वतः हेडच्या तापमानावर ठेवू शकतो असा हा सर्वांत थेट ताबा आहे.

ठिणगी पडली की सिलिंडरमधले मिश्रण एकदम भडकते, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसे होत नाही. ज्वाला प्लगच्या टोकाशी सुरू होते, पसरत जाते आणि दाब शिगेला पोहोचायला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात. पिस्टन सिलिंडरच्या बाहेरच्या टोकाला पोहोचला की मेकॅनिक त्याला ‘टॉप’ म्हणतात (इंजिन आडवे असले तरी शब्द तोच). पिस्टनला टॉप ओलांडून साधारण १५ अंश झालेले असताना दाब सर्वाधिक असावा, म्हणजे धक्का क्रँकला (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) फिरवण्याच्या कामी लागतो. आता हिशेब पाहा. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर दोन मिलिसेकंदांत क्रँक सुमारे ११ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात ३६ अंश. वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्वालाही जोरात पसरते, त्यामुळे गरज इतकी सरळ वाढत नाही. पण ठिणगी आधी पडायला हवी हे नक्की. ती आधी ओढण्याचे काम (यालाच अॅडव्हान्स म्हणतात) डिस्ट्रिब्युटरमधली, म्हणजे प्लगांना पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातली, फिरती वजने आणि काही डिस्ट्रिब्युटरांत व्हॅक्यूमचा पडदा करतो.

ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढतो. न जळलेले मिश्रण दाबाने आपोआप पेटते, नॉकिंग होते. पाण्याच्या इंजिनात ती टिकटिक ऐकू येते. बीटलमध्ये पंख्याच्या आवाजात ती बुडून जाते, आणि इथेच घोडे पेंड खाते. उलट ठिणगी उशिरा पडली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही मिश्रण जळतच असते. ती आग व्हॉल्व्ह आणि पोर्टमधून जाताना हेड तापवते. गाडी मंद होते, चालवणारा रेस जास्त देतो आणि उष्णता आणखी वाढते. चूक कोणत्याही बाजूला झाली तरी हेड तापतेच.

टायमिंगला हात लावण्याआधी इंजिन थंड असताना व्हॉल्व्हची फट ०.१५ मिमी करून घ्यावी. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी. मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली उघडझाप करणारी संपर्काची जोडी; ती उघडते तेव्हा ठिणगी पडते. पॉइंटची फट ०.४ मिमी, आणि ती टायमिंगच्या आधीच करायची, कारण फट बदलली की टायमिंगही हलते. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. कमी झाली की मागे पडते. ड्वेल मीटर असेल तर ४४ ते ५० अंश ड्वेल (पॉइंट मिटलेले असताना डिस्ट्रिब्युटर जितके अंश फिरतो तो आकडा) हवा, आणि ड्वेल एक अंशाने चुकला तर टायमिंग क्रँकच्या एका अंशाने सरकते. जुने पॉइंट जवळून पाहिले तर एका तोंडावर धातूचा बारीक उंचवटा आणि समोरच्यावर खळगा दिसतो. फीलर गेजचे पाते त्या उंचवट्यावर टेकते, त्यामुळे ०.४ वाटलेली फट प्रत्यक्षात जास्त असते. असे पॉइंट घासत बसू नये, नवे टाकावेत. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर टाचणीच्या डोक्याएवढे ग्रीस लावावे. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर जाते आणि इंजिन मिसिंग करू लागते.

आता क्रँकच्या पुलीवरच्या खुणा. सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. क्रँककेसचे दोन अर्धे जिथे जुळतात ती मधली उभी शीव ही स्थिर खूण. पुलीवरची खाच त्या शिवेसमोर आणायची. पण ती खाच कशाची, हे मॉडेलवर अवलंबून आहे. काही पुल्यांवर ती टॉपच्या ७.५ अंश आधीची असते, काहींवर १० अंश आधीची, आणि १९७१ नंतरच्या बऱ्याच १६०० इंजिनांवर एकच खाच असते, ती टॉपच्या ५ अंश नंतरची. पन्नास वर्षांत पुलीही बदललेली असू शकते. खाच टॉपची समजून मोजमाप सुरू केले की सगळेच चुकते.

खरा टॉप शोधायला प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन ‘वर आला’ असे ठरवणे पुरेसे नाही. या इंजिनाचा स्ट्रोक ६९ मिमी आहे (जुन्या १२०० चा ६४). टॉपपासून ५ अंशांवर पिस्टन केवळ ०.१६ मिमी खाली असतो, आणि एवढा फरक हाताला जाणवत नाही. तुलनेला, ३० अंशांवर तो ५.७ मिमी खाली असतो. म्हणून १४ मिमी आट्यांचा पिस्टन स्टॉप १ नंबरच्या प्लगच्या भोकात बसवावा, चारही प्लग काढून ठेवावेत आणि जनरेटरच्या पुलीचा नट २१ मिमी पान्ह्याने हळूच फिरवावा. पिस्टन टेकला की शिवेसमोर पुलीवर खूण. उलट्या बाजूने फिरवून टेकला की दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टॉप. १ नंबरचा सिलिंडर उजव्या बाजूचा, गाडीच्या तोंडाकडचा.

३० अंशांची खूण पुलीवर नसते. ती स्वतः करावी लागते. कागदाची पट्टी पुलीभोवती गुंडाळून जिथे टोके जुळतात तिथे कापा. घडी घालून तिचे बारा समान भाग करा. एक भाग म्हणजे ३० अंश, मूळ मापाच्या पुलीवर सुमारे ४६ मिमी. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले तर पुली घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून टॉपच्या आधीच्या खुणा टॉपच्या खुणेच्या उजवीकडे येतात. ३० अंशांवर पांढऱ्या रंगाची पातळ रेघ मारावी. जाड रेघ मारली तर तीच दोन अंशांची होते.

इंजिन बंद ठेवून टायमिंग जुळवण्याची रीत ७.५ अंशांच्या डिस्ट्रिब्युटरांना लागू पडते. आधी पुली काट्यांच्या दिशेने फिरवत ७.५ अंशांची खूण शिवेसमोर आणा. खूण पुढे गेली तर बरेच मागे नेऊन पुन्हा त्याच दिशेने या, म्हणजे गिअरमधली सैल फट खोटे बोलत नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आत फिरणारा रोटर पाहा: तो डिस्ट्रिब्युटरच्या कडेवरच्या बारीक खुणेकडे रोखलेला असावा. नसेल तर इंजिन ३ नंबरवर आहे. फायरिंगचा क्रम १-४-३-२ आहे आणि क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर एकच घेतो, म्हणून पुलीची खूण दोन्ही वेळा जुळते. आणखी एक पूर्ण फेरा द्या.

१२ व्होल्टच्या बल्बची एक तार कॉइलच्या (ठिणगीसाठी वीज वाढवणारा भाग) १ नंबरच्या टर्मिनलला (जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते), दुसरी इंजिनाच्या धातूला. इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटरची पकड सैल करा. डिस्ट्रिब्युटर काट्यांच्या दिशेने फिरवला की पॉइंट मिटतात, बल्ब विझतो. आता उलट दिशेने केसभर केसभर फिरवा. बल्ब ज्या क्षणी पेटतो, त्याच क्षणी ठिणगी पडते. तिथेच पकड घट्ट करा. डिस्ट्रिब्युटर एक अंश हलला की टायमिंग दोन अंशांनी सरकते, म्हणून आवळताना तो हलत तर नाही ना, हे पाहा. मग क्रँकला दोन फेरे देऊन खूण जुळताच बल्ब पेटतो का ते तपासा. इग्निशन चालू ठेवून पॉइंट मिटलेल्या अवस्थेत चहाला जाऊ नये. कॉइल तापून खराब होते.

इथवर फक्त सुरुवात झाली. इंजिनाला धोका असतो तो रस्त्यावर, तीन हजार फेऱ्यांना, म्हणून खरे मोजायचे ते पूर्ण अॅडव्हान्स. इंजिन गरम करा, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) १ नंबरच्या वायरला लावा. बाही, ओढणी, टाय पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. रेस ३५०० पर्यंत न्या आणि रेघ पाहा: पूर्ण अॅडव्हान्स २८ ते ३२ अंशांत थांबायला हवे. नुसत्या वजनांवर चालणाऱ्या, क्रमांकाच्या शेवटी ००९ असलेल्या बॉश डिस्ट्रिब्युटरला हेच माप. ३२ च्या पुढे रेघ जात असेल तर स्लोवरचा (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा) आकडा कितीही सुंदर असो, मागे घ्या. झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये स्लो आणि पूर्ण अॅडव्हान्स दोन्ही एकदम जमत नाहीत. तेव्हा पूर्ण अॅडव्हान्स राखावे आणि स्लोवर जे येईल ते घ्यावे. दोन नळ्यांच्या व्हॅक्यूम डिस्ट्रिब्युटरचे माप मात्र निराळे: नळ्या जोडलेल्या ठेवून, स्लोवर, टॉपच्या ५ अंश नंतर.

रेस दिल्यावर रेघ हललीच नाही, तर वजने अडकली आहेत. रोटर हाताने पिळून सोडावा. तो झटकन परत यायला हवा. रेघ थरथरत असेल तर शाफ्टचे बुश झिजले आहेत. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून धरली की आतली पॉइंटची प्लेट सरकून तशीच राहायला हवी. परत आली तर पडदा फाटला आहे.

३ नंबरचा सिलिंडर या इंजिनाचा दुखरा भाग. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, त्याच्या हवेच्या वाटेत उभा होता; १९७१ च्या सुमारास तो बाजूला हलवला गेला. जुन्या रचनेत ३ नंबर जास्त तापे, म्हणून काही डिस्ट्रिब्युटरांच्या कॅमवर ३ नंबरचा उंचवटा मुद्दाम काही अंश मागे घडवला होता. अशा डिस्ट्रिब्युटरवर लाइट ३ नंबरला लावून टायमिंग केले, तर बाकीचे तिन्ही सिलिंडर धोकादायकरीत्या पुढे जातात. टायमिंग नेहमी १ नंबरवरच.

महाराष्ट्रात बीटल बाळगणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही हे खरे, पण ते स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे भोक) मिश्रण पातळ होते आणि हेड तापते. याचा उपाय कार्ब्युरेटरच्या मेन जेटमध्ये आहे. टायमिंग पुढे ओढून गेलेला पिकअप परत आणू नये.

नव्या पॉइंटचा फायबरचा खूर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये कॅमवर बसताना झिजतो, फट कमी होते आणि टायमिंग मागे पडते. म्हणून ५०० किलोमीटरनंतर फट आणि टायमिंग पुन्हा पाहावे, त्यानंतर दर ५,००० किलोमीटरला.