सॉफ्टवेअर हाताने काढणे (विंडोज)

सॉफ्टवेअर हाताने काढणे : संगणकावर बसवलेला प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरने, म्हणजे सोबत आलेल्या काढण्याच्या साधनाने, निघत नसेल, तेव्हा त्याच्या फाइली, सर्व्हिसेस आणि नोंदी स्वतः शोधून काढून टाकण्याची पद्धत. ही वेळ मुख्यतः विंडोजवर येते, कारण तिथे प्रोग्रॅम एका फोल्डरात राहत नाही. मूळ फाइली ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असतात, पण सेटिंग्ज ‘अ‍ॅपडेटा’ आणि ‘प्रोग्रॅमडेटा’ या एरवी लपलेल्या फोल्डरांत जातात, पडद्याआड आपोआप चालणारा भाग म्हणजे सर्व्हिस वेगळी नोंदवलेली असते आणि या सगळ्याचा हिशेब रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, असतो. घर पाडले तरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद राहिली तर घरपट्टी येतच राहते. नुसता फोल्डर डिलीट करणाऱ्याचे तेच होते. प्रोग्रॅम जातो, यादीतले नाव जात नाही, आणि ते नाव काढायला गेले की एरर येते.

ही यादी विंडोज ९५ मध्ये ‘अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ या नावाने कंट्रोल पॅनलमध्ये आली. व्हिस्टापासून ती ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ झाली, विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्स’खालीही दिसू लागली. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोग्रॅम्सची नावे मात्र डिस्क तपासून काढलेली नसतात, ती रजिस्ट्रीतून वाचलेली असतात. एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल अशा वाटेने गेले की बहुतेक प्रोग्रॅमची एकेक की, म्हणजे नोंदींचा कप्पा, दिसते. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅम ‘वॉव६४३२नोड’ या वेगळ्या शाखेत सापडतात, हे ठाऊक नसल्याने शोधणारे अनेकदा रिकाम्या हाताने परततात. प्रत्येक कीमध्ये ‘डिस्प्लेनेम’ म्हणजे यादीत दिसणारे नाव आणि ‘अनइन्स्टॉलस्ट्रिंग’ म्हणजे बटण दाबल्यावर चालणारी आज्ञा असते. यादीतून प्रोग्रॅम निघत नसेल तर आधी ही आज्ञा कॉपी करून ‘रन’च्या चौकटीत चालवून पाहावी. एरर कुठल्या फाइलपाशी अडते ते बऱ्याचदा तिथेच कळते.

ती फाइलच जागेवर नसेल, तर प्रोग्रॅमची तीच आवृत्ती पुन्हा त्याच जागी बसवून मग काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. तो उलटा वाटतो म्हणून लोक टाळतात आणि थेट रजिस्ट्रीत हात घालतात. हाताने काढायचेच असेल तर क्रम सांभाळावा लागतो: आधी टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करणे, मग सर्व्हिस थांबवून तिची नोंद पुसणे, ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमधले त्याचे काम काढणे, त्यानंतर फोल्डर, आणि सर्वांत शेवटी यादीतली की. की पुसण्यापूर्वी ‘एक्स्पोर्ट’ करून तिची प्रत ठेवावी. रजिस्ट्रीत ‘अनडू’ नाही.

फोल्डर डिलीट होताना ‘फाइल वापरात आहे’ असा निरोप आला, तर गुन्हेगार बहुधा एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, असतो. राइट क्लिकच्या मेन्यूत स्वतःची ओळ घालणाऱ्या प्रोग्रॅमची डीएलएल फाइल (इतर प्रोग्रॅमही वापरू शकतात असा कोडचा भाग) एक्सप्लोररने उघडून ठेवलेली असते. रिसोर्स मॉनिटरमध्ये त्या फाइलचे नाव शोधले की तिला धरून बसलेला प्रोग्रॅम दिसतो. पुष्कळ अनइन्स्टॉलर अशा फाइली पुढच्या बूटच्या वेळी पुसण्यासाठी नोंदवून ठेवतात. म्हणून ‘रीस्टार्ट करा’ ही सूचना उगाच दिलेली नसते.

एररच्या आकड्यांचा सर्वाधिक त्रास विंडोज इन्स्टॉलर देतो. १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत आलेली, प्रोग्रॅम बसवण्याची आणि काढण्याची ही व्यवस्था बसवलेल्या प्रत्येक एमएसआय पॅकेजची (तिच्यासाठी बांधलेल्या .msi फाइलीची) एक प्रत विंडोजमधल्या ‘इन्स्टॉलर’ या लपलेल्या फोल्डरात ठेवते आणि प्रोग्रॅम काढताना तीच वाचते. सी ड्राइव्ह भरला की हा फोल्डर काही गिगाबाइटचा दिसतो आणि मोह होतो. तो रिकामा केला की पुढे कधीतरी प्रोग्रॅम काढताना किंवा अपडेट करताना १६१२ येते, म्हणजे मूळ पॅकेज सापडत नाही. १६०५ म्हणजे असा प्रोग्रॅम बसवलेलाच नाही, १६१८ म्हणजे दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे. २५०२ आणि २५०३ या जोडीमागे बहुतेक वेळा विंडोजच्या ‘टेम्प’ फोल्डरवरील परवानग्या बिघडलेल्या असतात. १६०३ मात्र फारसे काही सांगत नाही. तिथे लॉग फाइल वाचण्यावाचून गत्यंतर नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अत्यावश्यक भागांपुरतेच चालू असताना, विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस एरवी चालत नसल्याने ‘सेफ मोडमध्ये जाऊन काढा’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला एमएसआय प्रोग्रॅमला लागू पडत नाही.

मायक्रोसॉफ्टने अशा अडकलेल्या नोंदी पुसण्यासाठी ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीन अप युटिलिटी’ दिली होती. इतर प्रोग्रॅमचे भाग बिघडतात म्हणून ती २०१० मध्ये मागे घेतली. आता त्याच कंपनीचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर फुकट मिळतो आणि आधी तोच चालवावा. रजिस्ट्री ‘साफ’ करून संगणक पळवण्याचे वचन देणाऱ्या क्लीनर साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि त्यांची गरजही नसते.

अँटिव्हायरसचे प्रकरण वेगळे. तो स्वतःच्या फाइली पुसू देत नाही, नाहीतर व्हायरसनेच त्या आधी पुसल्या असत्या. त्यामुळे नॉर्टन, मॅकअ‍ॅफी, कॅस्परस्की, अ‍ॅव्हास्ट यांनी आपापली काढण्याची खास साधने दिली आहेत. अशा प्रोग्रॅमचे ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्याशी जोडून चालणारे भाग) विंडोजच्या पोटात शिरलेले असतात, आणि ते हाताने उपटले तर काय होते याचा गाजलेला दाखला २००५ चा आहे. सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारे एक्ससीपी हे सॉफ्टवेअर बसायचे आणि स्वतःला लपवून ठेवायचे. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ते ऑक्टोबर २००५ मध्ये उघडकीला आणले. त्याच्या फाइली काढताच सीडी ड्राइव्ह दिसेनासा झाला, कारण ड्राइव्हच्या नोंदीत त्याचा ड्रायव्हर फिल्टर म्हणून, म्हणजे ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मध्ये बसणारा टप्पा म्हणून, टाकलेला होता आणि नसलेल्या फाइलीसाठी विंडोज अडून बसत होते. सीडी-डीव्हीडी लिहिणारी जुनी सॉफ्टवेअर अर्धवट काढल्यावरही ड्राइव्ह असाच गायब होतो. तेव्हा रजिस्ट्रीत त्या ड्राइव्हच्या वर्गाखालील ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदींतून काढलेल्या ड्रायव्हरचे नाव वगळावे लागते, आणि रीस्टार्टनंतर ड्राइव्ह परत दिसतो.